बाबा, गोळ्यांची पिशवी दाखवा!

शुक्रवारी मालेगावातले यंत्रमाग बंद असतात. एरवी गल्लीबोळांत घुमणारा खडखडाट थांबतो आणि एक गोष्ट लक्षात येते. माग थांबले, तरी घराघरांतले म्हातारे बाबा मोठ्यानेच बोलतात आणि समोरच्याचे अर्धेच ऐकतात. तीस-चाळीस वर्षे मागाशेजारी उभे राहिल्यावर कानांनी मोजलेली ही किंमत असते. सुताच्या धुळीने छातीही जायबंदी होते, जिना चढताना दम लागतो. घरचे मात्र एकाच वाक्यात विषय संपवतात : ‘आता वय झालं.’

अशा घरांत नेहमी दिसणारे चित्र पाहा. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, साखरेची दुसऱ्यांची. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, शिवाय शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची. पहाटे लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. मग शंभरेक किलोमीटरवरच्या नाशिकची धावपळ, शस्त्रक्रिया, कर्ज. चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

चूक कोणाची? प्रत्येक गोळी कदाचित आपापल्या जागी ठीक असेल. चारही गोळ्या एकत्र मांडून कोणी पाहिल्या नाहीत, हीच खरी चूक. काही वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. झोपेच्या गोळीने पहाटे पाय लटपटतात. रक्तदाबाचे औषध जास्त झाले, तर उभे राहताच दाब घसरतो. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरला एका रुग्णामागे जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात पिशवी उघडून गोळ्या तपासणे होत नाही.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

हे काम नीट शिकलेली परिचारिका उत्तम करू शकते, हे जगाने साठ वर्षांपूर्वी ओळखले. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवात बालकांच्या आरोग्यापासून झाली, कारण ग्रामीण भागात डॉक्टर पुरत नव्हते. पुढे वृद्धांची काळजी हे या परिचारिकांचे मोठे कार्यक्षेत्र झाले. अशी परिचारिका पदव्युत्तर शिक्षण घेते, रुग्ण तपासते, चाचण्या सांगते, ठरलेल्या मर्यादेत औषधेही लिहून देते. आज अमेरिकेत त्यांची संख्या साडेतीन लाखांवर आहे.

‘डॉक्टरचे काम नर्सने केले तर रुग्णाचे नुकसान होणार नाही का?’ ही शंका रास्त आहे आणि ती तपासलीही गेली आहे. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १,३१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्ण डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे पाठवले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची प्रकृती जवळपास सारखीच आढळली. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात असे १८ अभ्यास एकत्र पाहिले गेले. प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित परिचारिकांचे निकाल डॉक्टरांइतकेच, काही बाबतींत अधिक चांगले निघाले. परिचारिका रुग्णाला वेळही जास्त देतात.

आपल्याकडे काय आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. त्यानंतर झालेल्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या साधारण ३२ टक्के लोकांना उच्च रक्तदाबाचे, तर १४ टक्के लोकांना मधुमेहाचे निदान आधीच झालेले होते. न तपासलेले वेगळेच.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. वृद्धांच्या शुश्रूषेची पदविकाही आहे. पण वृद्धांना तपासून उपचार ठरवणारी स्वतंत्र परिचारिका हे पद आपल्याकडे अजून रुजलेले नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यक्ती म्हणजे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली. आता त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. तिथे बीएस्सी नर्सिंग किंवा आयुर्वेद, युनानीचे पदवीधर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन काम करतात. केंद्राने द्यायच्या बारा सेवांत वृद्धांची काळजी आहे. डॉक्टरांनी सुरू केलेली रक्तदाब-मधुमेहाची औषधे इथे दर महिन्याला मिळतात आणि ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो.

सिस्टर नेमके काय पाहते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वृद्धांच्या तपासणीची सोपी पद्धत सुचवली. तिच्यात स्मरणशक्ती, हालचाल, पोषण, नजर, श्रवण आणि मनःस्थिती अशा सहा गोष्टी पाहायच्या असतात. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगायचे. १४ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली असे समजून पुढची तपासणी करायची. तीन महिन्यांत नकळत तीन किलोंहून अधिक वजन घटले का, हे विचारायचे. कानाजवळ कुजबुजून ऐकू येते का पाहायचे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, पण निवांत वेळ लागतो.

आणखी एक छोटी तपासणी अनेकांना खुब्याच्या फ्रॅक्चरपासून वाचवू शकते. आधी झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर ती धोक्याची घंटा समजून डॉक्टरांना कळवायचे.

मालेगावात भाषेचाही प्रश्न असतो. शहरात उर्दू, आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणी. ‘चक्कर येते’ आणि ‘डोकं हलकं होतं’ यांतला फरक रुग्णाच्या बोलीत विचारला, तरच खरे उत्तर मिळते. रमजानचे उदाहरण घ्या. साखरेच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर उपवास केला, तर दुपारनंतर साखर एकदम उतरू शकते. महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलून घ्यावी लागते. साखर ७० च्या खाली गेली, तर रोजा सोडावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. बोटातून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक धर्मगुरूही सांगतात. हे बोलणे ओळखीच्या सिस्टरने घरी येऊन केले, तर दादीजानच्या गळी लवकर उतरते.

मर्यादाही हव्यात

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, अचानक बरळू लागणे यांत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे. परिचारिकेला जबाबदारी द्यायची, तर पक्के प्रशिक्षण, लेखी नियमावली आणि फोनवर मिळणारा डॉक्टर हे तिन्ही हवे. नाहीतर कागदावर नवे पद तयार होईल आणि त्या सिस्टरचा दिवस नोंदवह्या भरण्यात जाईल. आजही उपकेंद्रांतली मोठी तक्रार हीच आहे.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, काढे, मलमे एकाच पिशवीत भरा आणि पुढच्या भेटीत ती पिशवीच डॉक्टर किंवा सिस्टरपुढे ठेवा. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद मात्र करू नका. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवा. पहाटे उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगा. ‘गेल्या वर्षभरात पडलात का?’ हे विचारा. म्हातारी माणसे आपणहून सांगत नाहीत, कारण काठी हाती येईल याची त्यांना भीती असते. काही अडले, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पडल्यावर शस्त्रक्रिया करणारे हात लागतातच. पण पडण्याआधी पिशवी उघडून पाहणारे कोणी असेल, तर त्या हातांची गरज पुष्कळदा पडणार नाही.