ॲल्युमिनियमच्या सायकलीला गेलेला तडा

बुलढाण्याहून मलकापुराकडे राजूर घाटाने उतरणाऱ्या सायकलस्वाराला फ्रेमच्या सांध्यापाशी, विशेषतः पायडलाच्या आसाजवळ वा हँडलाखाली, केसाएवढी रेघ दिसली, तर तो रंगावरचा ओरखडा समजून सोडून देऊ नये. रंग खरवडून पाहावा, आणि रेघ धातूतही उतरलेली दिसली तर सायकल तत्काळ थांबवावी.

पोलादी फ्रेमला पितळेचा डाग देऊन जोडणे हा जुना, भरवशाचा इलाज; परंतु ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळत असता त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांपलीकडेही टिकून राहतो, म्हणून तो घासून काढून, आरगॉन वायूच्या आवरणाखाली, प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाने वेल्डिंग करावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही: ६०६१ सारख्या मिश्रधातूचे सामर्थ्य मॅग्नेशियम व सिलिकॉन यांच्या ज्या सूक्ष्म कणांत असते, ते वेल्डिंगच्या आचेने बिघडून सांध्यालगतचा भाग मऊ पडतो, आणि संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर काही तास ठेवण्याची तजवीज असेल तरच ते पूर्ववत होते.

ही तजवीज नसेल, तर फ्रेम बदलावी. डागडुजी केलेली फ्रेम घाटात मुळीच नेऊ नये.