पोलीस ठाण्यात मोबाईलवर शूटिंग केलं तर गुन्हा होतो का? जाणून घ्या कायदा काय सांगतो

बाजाराच्या दिवशी रस्त्यावर नाकाबंदी लागते. एखादा पोरगा खिशातून मोबाईल काढतो. लगेच आवाज येतो, "ए, फोन आत ठेव. कशाचं शूटिंग करतोस?" पोरगा घाबरून व्हिडिओ डिलीट करतो. ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या माणसालाही असंच ऐकावं लागतं. पण नुसतं शूटिंग करणं हा गुन्हा आहे का?

वर्ध्याचं प्रकरण

२०१८ मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक जण वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात गेला. तिथलं बोलणं त्याने मोबाईलमध्ये टिपलं. त्याच्यावर थेट १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली, म्हणजे हेरगिरीसाठी असलेल्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. या कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' कोणतं ते सविस्तर दिलं आहे आणि त्यात पोलीस ठाणं येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

पाथर्डीतही ठाण्यातलं बोलणं रेकॉर्ड केल्यावरून हाच कायदा लावला गेला होता. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तिथेही हे कलम रद्द केलं.

पोलीस का विचारतात?

पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. २६/११ च्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली मुंबईत येऊन ताज हॉटेलसह अनेक जागांचं शूटिंग करून गेला होता. त्यामुळे संशय आला तर विचारपूस करणं हे पोलिसांचं कामच आहे. पण विचारपूस वेगळी आणि दमदाटी वेगळी.

कुठे शूटिंग करू नये?

लष्कराच्या जागा, दारूगोळ्याचे कारखाने आणि सरकारने अधिसूचना काढून प्रतिबंधित केलेली ठिकाणं इथे शूटिंग महागात पडू शकतं. धरणावर किंवा इतर कुठे मनाईचा फलक असेल तर तो पाळावा. ठाण्यात अत्याचारपीडित महिला किंवा लहान मूल असेल तर त्यांचा चेहरा, नाव व्हायरल करू नये. तो वेगळा गुन्हा होतो.

अडवलं तर काय करावं?

- नाव-गाव विचारलं तर सरळ सांगावं. हुज्जत घालू नये.
- कामाच्या आड येऊ नये, लांबून शूटिंग करावं. पोलिसाला काम करण्यापासून रोखण्यासाठी अंगावर धावून गेलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (जुनं ३५३) लागू शकतं.
- मोबाईल जप्त करायचा तर त्याचा गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय हवा आणि रीतसर नोंद हवी. पंचनाम्याची मागणी करावी.
- १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता पोलिसांनीच करायचं आहे.
- "डिलीट कर" म्हटलं म्हणून लगेच डिलीट करू नका. तोच व्हिडिओ पुढे तुमचा पुरावा ठरू शकतो.

गावातल्या माणसाकडे ना वकील असतो, ना ओळख. तक्रार घेतली नाही, उलट हाकलून दिलं, हे दाखवायला त्याच्या हातात फक्त मोबाईल असतो. म्हणून कुठे शूटिंग चालतं आणि कुठे नाही, हे प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवं.