परदेशी लेकरांकडे जाताना गाठोड्यात काय बांधाल?



हल्ली आपल्या खेड्यांतूनही आईवडील मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले आहेत. निघताना माउली काय काय बांधते! घरची तूर, हरभरा, लाल मिरच्या, धने-जिरे, पेढे आणि परसात लावायला दोडक्या-कारल्याचे मूठभर बी. यातले बहुतेक तिथल्या विमानतळावर काढून घेतात. वर्षभर राखलेले बी डोळ्यांदेखत गेले, की जीव तुटतो.

हा जाच नव्हे. कणगीतला खापरा भुंगेरा तुम्हांला ठाऊक आहेच. त्याची केसाळ अळी फटीत दडून खाण्यावाचून वर्षानुवर्षे तग धरते. ऑस्ट्रेलियात ही कीड नाही, आणि तो देश गहू परदेशी विकणारा. म्हणून २०२० सालापासून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, धने, जिरे प्रवाशाच्या सामानातून नेण्यास त्यांनी बंदी केली. कारखान्यात भाजून-शिजवून बंद पुडीत आलेल्या जिनसांचे नियम निराळे आहेत. पेढे-बर्फी अडते ती लाळ्या-खुरकुतीच्या धास्तीने.

रागावण्याआधी आपल्या बांधावरचे गाजर गवत आठवा. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे मानतात. सत्तर वर्षे झाली, आपण उपटतोच आहोत!

तेव्हा धान्य, कडधान्य आणि बी घरीच ठेवा. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यात तेल फार, त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानातच चालत नाहीत. लोणचे न्यायचे तर हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत घट्ट बांधा. खाण्याच्या साऱ्या वस्तू एकाच पिशवीत, बॅगेत सर्वांत वर ठेवा आणि प्रत्येक पुडीवर नाव इंग्रजीत लिहून घ्या. शाळेत जाणारे कोणतेही पोर लिहून देईल.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. उतरण्यापूर्वी भरून द्यायच्या जाहीरपत्रात खाण्याच्या वस्तूंपुढे ‘हो’ लिहा. शंका असली तरी ‘हो’च. खरे सांगितले तर फार तर वस्तू जाईल, दंड होत नाही. लपवलेले सापडले तर जबर दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होतो. कुत्रा वास घेत फिरत असतो, त्याच्यापुढे पदराची गाठ टिकत नाही.

गोठ्यात वापरलेल्या वहाणा नेऊच नका. दुसऱ्या नेल्या तरी तळ घासून, माती काढून न्या. शेतावर वावरला असाल तर तेही विचारतात, सरळ सांगा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी हापूसची पेटी उचलू नये. २००७ पासून आपला आंबा तिकडे जातो खरा, पण विकिरण केलेला, व्यापारी मार्गाने.

परतताना तिकडचे सुंदर बी किंवा कलम पिशवीत घालण्याचा मोह होईल. आपल्याकडेही २००३ च्या आदेशानुसार त्याला आधी परवाना लागतो.