लेकीला फेरेट हवंय...

संध्याकाळची वेळ. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात लेकीनं मोबाईल थेट माझ्या डोळ्यांसमोर धरला. "आई, बघ ना किती गोड आहे!" पडद्यावर एक लांबुडका, केसाळ, काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांचा प्राणी पाठीची कमान करून सोफ्यावर तिरप्या उड्या मारत होता. सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं, हे तं मुंगूसच दिसते!"

"आजी, मुंगूस नाही, फेरेट आहे. पुण्याचा दादा म्हणाला, तिकडे दुकानात मिळतं. मला वाढदिवसाला हेच पाहिजे."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या उड्या मारणाऱ्या प्राण्याकडे पाहताना मला चार वर्षांपूर्वीची एक छोटी बांबूची टोपली आठवली.

तेव्हा मी बचत गटाच्या बैठकीसाठी एका खेड्यात गेले होते. पेरणीचे दिवस होते. गटातल्या एका बाईनं पदराखालून मुठीएवढं मुंगसाचं पिल्लू काढलं. धुऱ्यावर सापडलं होतं. "ताई, याची माय कुठी गेली काय माहीत. कुत्रे खाऊन टाकतीन याले. तुम्ही घेऊन जा." मीही मोठ्या मायेनं ते घरी आणलं. टोपलीत जुनी साडी अंथरली आणि कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते थंडगार पडलेलं होतं. लेक तेव्हा पाचवीत होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

नंतर वनविभागातल्या एका ओळखीच्या कर्मचाऱ्यांनी समजावलं, "वहिनी, पिल्लू होतं तिथेच ठेवायचं आणि आपण लांब जायचं. बऱ्याचदा आई येऊन उचलून नेते. आणि मुंगूस घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे." पंचतंत्रातल्या गोष्टीत बाळाच्या पाळण्याजवळ मुंगूस राखण करतं, तेच ऐकत आपण मोठे झालो. त्यामुळे मुंगूस पाळणं चुकीचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या हातून एक जीव गेला. म्हणूनच या वेळी लेकीला लगेच 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही' असंही म्हटलं नाही. आधी माहिती काढायची असं ठरवलं.

आमची एक मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडे दोन फेरेट आहेत, हे मला ठाऊक होतं. फोन केला तर ताई आधी खूप हसली आणि मग तासभर बोलत राहिली.

फेरेट हा जंगलातून पकडून आणलेला प्राणी नाही. युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे. त्याला माणसानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवलं आणि त्यातून फेरेट तयार झालं. सशाच्या बिळात शिरून ससे बाहेर हुसकायचे, हे त्याचं काम. आपल्याकडच्या पाणमांजराच्या कुळातला हा प्राणी. दिसायला मुंगसासारखा असला तरी मुंगूस त्याचं सख्खं कुणी लागत नाही. मुंगसाचं नातं मांजराच्या बाजूचं आणि फेरेटचं कुत्र्या-अस्वलाच्या बाजूचं. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे सोयरीकच नाही!"

ताईच्या मुलानं हट्ट करून ते दोघे आणले होते. आता मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात गेलाय. "आणि करतंय कोण? मीच!" ताई म्हणाली. मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यावर मी वही-पेन घेऊन बसले.

फेरेट दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतं. मग करायचं काय एवढं, असं वाटेल. पण जागं असतं तेव्हा ते नुसतं तुफान! रोज निदान तीन-चार तास त्याला पिंजऱ्याबाहेर मोकळं सोडावं लागतं आणि तेही नजरेसमोर. जिथे त्याचं डोकं शिरतं तिथे अख्खं अंग शिरतं. मोरीचा पाईप, फ्रिजच्या मागची फट, गादीचं फाटलेलं अस्तर, काहीच सुटत नाही. रबराचं तर भारी वेड. चपलेचा तुकडा, खोडरबर, रिमोटची बटणं कुरतडून गिळतं. ते आतड्यात अडकलं की ऑपरेशनच करावं लागतं. ताईच्या एका फेरेटनं खेळण्याचं चाक गिळलं होतं, म्हणून रात्री दोन वाजता त्याला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं.

वास येतो. तो येणारच. वास जावा म्हणून सारखी आंघोळ घातली तर कातडी जास्तच तेल सोडते आणि वास आणखी वाढतो. त्यापेक्षा अंथरूण आठवड्याला धुवायचं आणि शी-शूचा ट्रे रोज साफ करायचा. ते बहुतेक वेळा कोपऱ्यातच घाण करतं, पण मांजरासारखी पक्की सवय लागेल अशी खात्री नाही. नखं कापायची, कानातला मळ काढायचा. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आठवड्याला अंथरूण धुवायचं ऐकून मी मनातल्या मनात टाकीचं पाणी मोजायला लागले!

खरी अडचण पुढे होती, खाण्याची. फेरेट पक्कं मांसाहारी. पोळी, भात, फळं, भाज्या, दूध यातलं काहीच त्याला मानवत नाही. त्याचं आतडं आखूड असतं. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं. त्यामुळे दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खायला लागतं. मांस, अंडं किंवा मुद्दाम त्याच्यासाठी बनवलेलं भरपूर प्रथिनांचं कोरडं अन्न द्यावं लागतं. आमच्या सासूबाई माळकरी. शेगावची वारी चुकवत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात कच्चं चिकन ठेवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. लेक म्हणाली, "मग त्याला पनीर देऊ!" आपण उपासाला साबुदाणा खातो, तसं जनावराला चालत नाही गं बाई. शाकाहारी घरानं शाकाहारी प्राणी पाळावा, यात कमीपणा काय आहे?

मग मी बुलढाण्यातल्या आमच्या ओळखीच्या पशुवैद्यकांना विचारलं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मी आजवर गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरं तपासली. फेरेट एकही नाही. पुस्तकात वाचलंय तेवढंच सांगू शकतो." मला त्यांचा हा मोकळेपणा फार आवडला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र ऐकून मी गप्पच झाले.

आपल्या गाई-म्हशी माजावर येतात आणि फळल्या नाहीत तरी काही काळानं माज उतरतो. फेरेटच्या मादीचं तसं नसतं. नर मिळाला नाही तर तिचा माज कित्येक आठवडे, महिने उतरतच नाही. शरीरात संप्रेरकं वाढत जातात, हाडांतला मगज रक्त बनवणं थांबवतो आणि अंगातलं रक्त आटून ती मरू शकते. तिची ऑपरेशननं नसबंदी करावी लागते. ताईकडे कातडीखाली हार्मोनची बारीक कांडी बसवून घेतात. वाढदिवसाची भेट म्हणून मादी आणली आणि हे माहीत नसलं तर? घरातल्यांना वाटेल, बाळ जरा मलूल आहे, होईल बरं. बायकांच्या अंगावर जाण्याकडे आपण घरोघरी असंच दुर्लक्ष करतो आणि रक्त अगदीच कमी झालं की दवाखान्यात धावतो. बचत गटाच्या आरोग्य शिबिरांत मी ते वर्षानुवर्षं पाहतेय, म्हणून हे मनाला जास्त लागलं असावं.

दुसरी भीती डिस्टेंपरची. कुत्र्यांमध्ये पसरणारा हा रोग फेरेटला झाला तर ते बहुधा वाचतच नाही. आपल्या गल्लीत मोकाट कुत्री किती आहेत ते आठवा. आपल्या चपलेला लागूनही रोग घरात येऊ शकतो. त्यासाठी लस असते, पण कुत्र्याची प्रत्येक लस फेरेटला चालत नाही. काहींनी उलटा अपाय होतो. रेबीजची लस वेगळीच. शिवाय माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी फ्लू विषाणूमुळे होतो हे दाखवलं, ते फेरेटवरच्याच प्रयोगांतून. घरात कुणाला सर्दी-ताप असला तर त्याला हात लावायचा नाही आणि इथे तर घरात सतत कुणीतरी शिंकतच असतं!

एवढं सगळं जमवलं असं समजू. तरी उन्हाळा राहतोच. पारा तीस अंशांच्या वर गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका असतो, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. आपलं बुलढाणा डोंगरावर, म्हणून जरा बरं. पण राजूर घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगावकडे गेलं की मे महिन्यात ४२-४३ अंश सहज. कूलरनं हवा दमट होते, ती त्याला पुरत नाही. एसी लागतो. दुपारी लाईट गेली तर काय करायचं? पशुवैद्यक म्हणाले, "तुम्ही ओला टॉवेल घालाल, बर्फाची बाटली ठेवाल. पण त्या वेळी तुम्ही घरी असाल का?" बरोबर आहे. मी बैठकीला गेलेली असेन, लेक शाळेत आणि सासूबाई दुपारच्या झोपेत.

तरीही एखाद्या मैत्रिणीच्या घरी एसी आहे, खाण्याला अडचण नाही आणि फेरेट तपासणारे डॉक्टर हाताशी आहेत, तर तिनं निवडताना काय पाहावं? ताईनं सांगितलेलं लिहून ठेवलंय. पिल्लू निदान आठ आठवड्यांचं असावं. डोळे चमकदार, नाक स्वच्छ, केस दाट, कुठे टक्कल नको. उचललं की अंग सैल न सोडता आजूबाजूला कुतूहलानं बघायला हवं. पिल्लू चावरं असतं, ते हळूहळू सुधारतं. पण तान्ह्या बाळाजवळ त्याला एकटं कधीच सोडायचं नाही. एकटं फेरेट कंटाळतं, जोडी बरी. जगतं सहा-आठ वर्षं. म्हणजे आज नववीत असलेली मुलगी पदवीधर होऊन सासरी जाईपर्यंत!

आणि दुकान नोंदणीकृत आहे का ते विचारा. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पक्की पावती मागा. रस्त्यावर टोपलीतून कुणी 'फेरेट' विकत असेल तर शेपटी बघा. मुंगसाची शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब आणि अंगावर मीठ-मिरी मिसळल्यासारखे करडे केस. फेरेटची शेपटी आखूड आणि बहुतेकांच्या डोळ्यांभोवती मुखवट्यासारखा काळसर पट्टा. मुंगूस, पोपट, कासव असं काही विकताना दिसलं तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रशही विकायला बंदी आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं त्यावर देशभर छापे घातले होते. लेकीच्या कंपासपेटीतला ब्रश त्यानंतर मी दोनदा उलटसुलट करून पाहिला.

हे सगळं ऐकून लेक रुसली, हे वेगळं सांगायला नको. "तुला काही आणायचंच नाही, म्हणून कारणं शोधतेस!" मी वाद घातला नाही. एका कागदावर रकाने आखून दिले. खाणं, पाणी, ट्रे साफ करणं, अंथरूण धुणं, खेळवणं, दवाखाना, सुट्टीत गावाला गेल्यावर सांभाळणं. प्रत्येकापुढे कोण करणार त्याचं नाव लिहायला सांगितलं. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. 'खेळवणं' समोर तिचं नाव आणि बाकी बहुतेक ठिकाणी 'आई'. स्वतःचंच अक्षर बघून ती जरा ओशाळली.

आमच्या परसात एक पांढरी-करडी मांजर वर्षभर येत-जात असते. मी म्हटलं, "पंधरा दिवस हिचं सगळं तू कर. मी हात लावणार नाही." पहिले चार दिवस उत्साह. पाचव्या दिवशी चाचणी परीक्षा आली आणि मांजर दुपारभर मागच्या दारात ओरडत राहिली. माझा जीव तुटत होता, पण मी उठले नाही. संध्याकाळी लेकीनं आल्या आल्या दप्तर टाकलं आणि आधी मांजरीची वाटी भरली. सासूबाईंची एकच अट होती. मांजरीचं खाणं पाकिटातलं असावं आणि डबा परसात राहावा, उंबऱ्याच्या आत नको.

आता दोन महिने झालेत. रेबीजची लस दिली, जंताचं औषध झालं. तिला पिल्लं होऊन ती रस्त्यावर जाऊ नयेत, म्हणून ऑपरेशन करायचं ठरलंय. खर्चाचा अर्धा वाटा लेक वाढदिवसाच्या पैशांतून देणार आहे. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. 'दवाखाना' पुढचं 'आई' खोडून तिनं स्वतःचं नाव लिहिलंय. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. आदल्या रात्रीपासून मांजरीला उपाशी ठेवायचं, म्हणून लेकीला आत्तापासूनच काळजी लागली आहे की, रात्री ती ओरडली तर आजी गुपचूप दूध तर पाजणार नाही ना!