एका आडव्या रेघेची करामत

संगणक सतत रोजनिशी लिहीत असतो. कोण आत आलं, कुठला प्रोग्रॅम कोसळला, ईमेल कुठे अडकला, सगळ्याची वेळेसकट नोंद. हे काम करणारा सिसलॉग १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत, सेंडमेल या टपाल-प्रणालीच्या निमित्ताने लिहिला.

पुढे लिनक्सवर या कारकुनाचा काटेकोरपणाच नडला. प्रत्येक ओळ डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री होईपर्यंत तो पुढची ओळ हाती घेईना. वीज गेली तरी नोंद शाबूत राहावी, हा हेतू चांगलाच. पण गर्दीच्या मेल-सर्व्हरवर डिस्क त्यातच दमून जाई. उपाय गमतीशीर होता: सेटिंगमध्ये फाइलच्या नावाआधी एक छोटी आडवी रेघ. ती दिसली की कारकून खात्री करत बसत नसे. वेग वाढे, मात्र यंत्र अचानक बंद पडलं तर शेवटच्या ओळी जाण्याची भीती. आणि बिघाड शोधताना नेमक्या त्याच तर हव्या असतात!

जर्मनीच्या रायनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये आरसिसलॉग हा सिसलॉगचा नवा अवतार सुरू केला. त्यात नोंदी आधी मेमरीतल्या रांगेत थांबतात, मग गठ्ठ्याने पुढे जातात. नोंदी दूरच्या सर्व्हरकडे पाठवायच्या असतील आणि तो बंद असेल, तर ही रांग डिस्कवर साठवण्याचीही सोय आहे. फक्त ती आठवणीने चालू करावी लागते.