चतुर इथला की पाहुणा?

सप्टेंबर-ऑक्टोबरात अंजनवेलला गेलात तर गोपाळगडाजवळच्या सड्यावर पिवळसर चतुरांचे थवे दिसतील. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. न बसता नुसत्या घिरट्या घालणारे हे चतुर बहुतेक पँटाला फ्लॅवेसेन्स या जातीचे. मी खाली वाकून काहीतरी वेचतोय हे पाहून हमखास कुणीतरी विचारतं, "डोक्यावर एवढे उडतायत, तुम्ही गवतात काय शोधताय?"

कात शोधतोय. सापाची नाही, चतुराची.

चतुराचं बालपण पाण्यात जातं. पावसात कातळातल्या खळग्यांत पाणी साचलं की मादी त्यात अंडी घालते. कित्येक चतुरांच्या अळ्यांना वाढायला महिनोनमहिने लागतात. ही जात मात्र साधारण सहा आठवड्यांत उरकते. घाई करावीच लागते, पाऊस थांबला की खळगा कोरडा पडतो ना! मग एका रात्री अळी काडीवर चढते, तिची पाठ उकलते, आणि उजाडल्यावर चतुर उडून जातो. काडीवर उरते रिकामी कात. तिच्यातून लोंबणारे पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांचं जुनं अस्तर.

एवढा खटाटोप का? कारण उडणारा चतुर आपलं गाव सांगत नाही. मालदीवमध्ये गोड्या पाण्याची डबकी जवळपास नाहीतच, तरी दर ऑक्टोबरात तिथे हे चतुर प्रचंड संख्येने उतरतात. ते भारताकडून वाऱ्यावर येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. अळी वाढली त्या पाण्यातल्या हायड्रोजनची खूण पंखांत उरते, त्यामुळे पंख तपासून जन्मस्थळाचा अंदाज बांधता येतो. २०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांवर हे केलं, तेव्हा बोट उत्तर भारताकडे आणि कदाचित त्याच्याही पलीकडे गेलं. म्हणजे कोकणात दिसणाऱ्या थव्यातही वाटसरू असणारच.

माझ्या यादीतल्या एका खळग्यात अळ्या भरपूर होत्या. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, खळगा आटला, अळ्या चिखलातच सुकल्या. कात एकही मिळाली नाही. ऑक्टोबरात त्याच खळग्यावर मोठा थवा होता. नुसते उडणारे मोजले असते तर वहीत 'उत्तम' असा शेरा पडला असता.

सरकारदरबारी असा कातळ बहुतेकदा पोटखराबा. तो चिरेखाणीला किंवा कलमांच्या बागेला गेला की खळगे संपतात. चतुर मात्र पुढची काही वर्षं वरून जात राहतील, आणि आपल्याला वाटेल, सगळं ठीक आहे.