इंग्रजीच्या वाटेवरील शिदोरी

इंग्रजी शिकण्याचा संकल्प मराठी कुटुंबांत बहुधा दोन वस्तूंपासून सुरू होतो: एक व्याकरणाचें पुस्तक व एक जाडजूड शब्दकोश. त्यांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मिळाली म्हणजे सामग्री पूर्ण झाली. ह्या पाठमालेनें कित्येक पिढ्यांना वाक्यरचना शिकविली, हें ऋण नाकारतां येत नाहीं. परंतु मराठी वाक्य मनांत जुळवून मग त्याचें इंग्रजी करण्याची संवय एकदां जडली कीं सहसा सुटत नाहीं. आणि बोलणारा भाषांतर करीत असतो तोंवर समोरचा मनुष्य पुढच्या विषयावर गेलेला असतो.

ह्या प्रश्नाचा मुळापासून विचार मायकेल वेस्ट ह्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानें केला. हल्लीं बांगला देशाची राजधानी असलेल्या ढाका शहरीं ते शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य होते. १९२६ सालच्या आपल्या द्विभाषिकत्वावरील ग्रंथांत त्यांनीं मोठा व्यवहारी मुद्दा मांडला. कांहीं वर्षें हप्ते भरून विम्याची पॉलिसी मध्येंच सोडली, तरी कंपनी थोडी रक्कम परत देते. मग जो मुलगा मध्येंच शाळा सोडतो, त्याच्या इंग्रजीची अशी कोणती रक्कम त्याच्या पदरांत पडते? अर्धवट व्याकरण त्याच्या कांहींच कामाचें नाहीं. उलट सोपें पुस्तक आपले आपण वाचतां येऊं लागलें असेल, तर शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नाहीं. म्हणून वेस्ट ह्यांनीं वाचनास अग्रस्थान दिलें, आणि आपल्या वाचनमालेंत नवे शब्द थोडे व विखरून घालून प्रत्येक शब्द पुनःपुन्हां भेटेल अशी योजना केली. १९५३ सालीं त्यांनीं संपादिलेली सुमारें २,००० अत्युपयुक्त शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

प्रौढ विद्यार्थ्यास असे लहान शब्द क्षुल्लक वाटतात. तो भारी शब्दांच्या मागें लागतो. परंतु ‘पुट’ हा एवढासा शब्द घ्यावा. पुढें ‘ऑन’ आलें कीं अर्थ होतो अंगांत घालणें, ‘ऑफ’ आलें कीं लांबणीवर टाकणें, ‘आउट’ आलें कीं विझविणें. ज्या भाषेंत भूक लागते, आग लागते, ठेंच लागते आणि नोकरीहि लागते, त्या भाषेच्या माणसानें ह्याचें नवल करूं नये! मात्र असे प्रयोग यादीनें येत नाहींत, वाचनांत भेटूनच येतात. ज्या गृहिणीस दिवसाकाठीं अर्धाच तास मिळतो, तिनें पानागणिक एकदोनच शब्द अडतील असें गोष्टीचें पुस्तक निवडावें, आणि अडलेल्या प्रत्येक शब्दासाठीं कोश उघडूं नये.

वाचनानें कान मात्र तयार होत नाहीं. ‘फोटोग्राफ’ म्हणतांना जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणतांना तो दुसऱ्यावर जातो. मराठी मनुष्य सर्व अक्षरांस सारखाच न्याय देतो, आणि ऐकणारा गोंधळतो. येथें ध्वनिमुद्रणाचा उपयोग आहे. एका मिनिटाचा उतारा तीन दिवस ऐकून त्याच्याबरोबर मोठ्यानें म्हणावा. रोज नवा ऐकण्याहून हें अधिक गुणकारी.

मराठी ‘व’ तर इंग्रजींतल्या दोन निरनिराळ्या ध्वनींचें काम एकटाच करूं पाहतो. त्यामुळें द्राक्षाची वेल आणि तिच्या फळांचें मद्य, दोन्ही सारखींच ‘वाइन’ होतात. वेलीच्या वेळीं वरचे दांत खालच्या ओठास लागावयास हवेत. मद्याच्या वेळीं दांतांचें काम नाहीं, ओठांचा नुसता चंबू व्हावा. आरशासमोर उभें राहिल्यास हा भेद कानाआधीं डोळ्यांस कळतो.